गुलाबानं पुण्यात मान टाकली, तर दोष कोल्हापुरात शोधा

सकाळी साडेदहाच्या सुमारास मोबाइलवर पुण्याचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो. रात्री ट्रॅव्हल्सच्या गाडीत घातलेलं खोकं त्या वेळेला कुणीतरी उघडलेलं असतं. "दादा, फुलांनी माना टाकल्यात हो. पॅकिंग जरा नीट करत जा."

बारा वर्षं मी कोल्हापुरातनं डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन बाहेरगावी पाठवतोय. वाढदिवसाच्या वीस दांड्याही पाठवल्यात आणि लग्नाच्या दोन हजारही. पहिली तीन वर्षं मीसुद्धा खोक्यालाच बोल लावायचो. तीन प्लायचं पाच प्लाय केलं, आतनं थर्माकोल लावला, भोकं बुजवली, वरून टेप गुंडाळला. खर्च वाढला, फोन तेवढेच येत राहिले. थर्माकोल लावल्यावर तर जास्तच आले. मग एका रात्री तसंच बांधलेलं एक खोकं गाडीत न घालता दुकानातच ठेवलं आणि सकाळी उघडलं. माना टाकलेल्याच होत्या. म्हणजे ड्रायव्हर, हमाल, खंबाटकी घाट, सगळे निर्दोष. जे काय बिघडलं होतं ते खोकं बंद व्हायच्या आधी, माझ्याच टेबलावर.

तो बिघाड शोधायचा कसा, ते खाली फुकटापासून महागापर्यंत लावून दिलंय. क्रम मोडू नका. शेवटची तपासणी पहिली करणारे लोक कोल्ड रूमचं कोटेशन घेऊन बसतात आणि दुकानातली बादली तशीच बुळबुळीत राहते.

आधी लक्षणं

तक्रार आली की मी तीन फोटो मागतो, तेही खोकं उघडल्यावर दहा मिनिटांच्या आत. उघडं खोकं वरून, एक कळी अगदी जवळून, आणि देठांची कापलेली टोकं. तिसरा फोटो कुणी आपणहून पाठवत नाही आणि निम्मं उत्तर त्यातच असतं.

मान टाकणं: कळीच्या खाली दीड-दोन इंचांवर देठ वाकतो, कळी जमिनीकडं बघायला लागते. पाकळ्यांचा रंग मात्र चांगला असतो. हे पाण्याचं दुखणं. देठाच्या बारीक नळ्यांत हवा शिरलीय किंवा जंतूंचा चिकट मळ बसलाय, त्यामुळं वर पाणी चढत नाही. बुडाकडचा देठ लाकडासारखा असल्यानं ताठ राहतो, मानेचा कोवळा भाग आधी हार मानतो.

टाचणीच्या टोकाएवढे डाग: बाहेरच्या पाकळ्यांवर ठिपके, दुसऱ्या दिवशी ते पसरतात, मग राखाडी लव येते. ही बोट्रायटिस बुरशी. तिला पाकळीवर ओल लागते. ती ओल कुणी दिली, ते पुढं सांगतो, कारण त्यात माझ्याच घरच्यांचा हात निघाला.

उघडताच पूर्ण उमललेली फुलं, पिवळी पडू लागलेली पानं, आणि खोक्यातनं तोंडावर येणारी गरम, कुबट वाफ: उष्णता.

कार्नेशन झोपणं: पाकळ्या आत वळतात, फूल मिटल्यासारखं दिसतं आणि पाण्यात ठेवलं तरी उठत नाही. हे इथिलीन वायूचं काम, पिकणारी फळं सोडतात तो.

काचेसारखे ओले, आरपार दिसणारे डाग, जे नंतर तपकिरी होतात: गारव्यासाठी घातलेला जेल पॅक फुलाला थेट चिकटला होता. ऑर्किड किंवा अँथुरियम निळसर-काळं पडलं असेल तर बर्फ न लागताही त्याला थंडी बाधलीय.

ग्लॅडिओलस आणि डॉग फ्लॉवरची टोकं सगळी एकाच बाजूला वर वळलेली: तुम्ही त्यांना आडवं झोपवलं. ही टोकं आडव्या दांडीवर आपोआप आभाळाच्या दिशेनं वळतात. खोक्यात याला इलाज नाही, उभी पाठवा नाहीतर पाठवू नका.

मोडलेले देठ, ठेचलेल्या कळ्या: एवढं एकच दुखणं खरोखर खोक्याचं.

फुकटची तपासणी: दोन साक्षीदार

प्रत्येक लॉटमधल्या दोन दांड्या मागं ठेवा. एक दुकानात पाण्यात. दुसरी जशी पाठवली तशीच कागदात गुंडाळून, बंद खोक्यात, दुकानातच. लगीनसराईत गड्डीतल्या दोन दांड्या मागं ठेवणं जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी ठेवा. पुण्याहून फोन यायच्या आधी सकाळी साडेआठला तुम्हाला निकाल कळलेला असतो.

पाण्यातली दांडी पण वाकली, तर माल किंवा पाणी खराब आहे. पाण्यातली ताठ आणि खोक्यातली वाकली, किंवा तिला डाग आले, तर तुमची तयारी चुकली. दोन्ही चांगल्या आणि फक्त पुण्यातली मेली, तरच रस्त्यावर संशय घ्या. माझ्या वहीत तीन रकाने आहेत, आणि तिसऱ्या रकान्यात खुणा सगळ्यात कमी आहेत. या एका वहीनं माझे ट्रॅव्हल्सवाल्यांशी संबंध सुधारले.

माल चाचपून बघा

कळी अंगठा आणि तर्जनीत हलकी दाबा. ताज्या कळीत भरीवपणा लागतो. आत पोकळ, मऊ लागली तर ती कोल्ड स्टोअरेजमधनं जुनी होऊन आलेली आहे. देठाचं टोक बघा, काळपट आणि चिकट असेल तर परत करा. पान मुडपा, ताजं पान कट्कन मोडतं. १४ फेब्रुवारीच्या आधीच्या आठवड्यात तर हे करायचंच. भाव चढणार म्हणून माल दाबून ठेवला जातो, आणि तो तुमच्या दुकानात ताजा म्हणूनच येतो.

उलटी चूकही होते आणि ती कमी लोकांना माहीत असते. कळी फार घट्ट असताना कापली तर तिची मान अजून पक्की झालेली नसते, मग ती कितीही पाणी दिलं तरी वाकते. गुलाबाच्या कळीखालची हिरवी दलं खाली वळलेली हवीत आणि बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सैल झालेली. लांब जायचंय म्हणून अगदी बंद कळी मागणारी गिऱ्हाइकं भेटतात. त्यांना समजावून सांगा, नाही ऐकलं तर पावतीवर लिहून घ्या.

जरबेऱ्याचं वेगळं. तो झाडावरून ओढून काढतात, त्यामुळं देठाच्या बुडाला टणक टाच राहते. ती टाच पाणी ओढत नाही. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या पॉलिहाऊसमधनं येणाऱ्या गड्ड्यांत कधी ती कापलेली असते, कधी नसते. बघूनच घ्या.

बादली आणि कटर

बादलीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेखाली बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, तर तपासणी संपली, तुमचा गुन्हेगार सापडला. ते बुळबुळीत म्हणजे जंतूंचा थर. तेच देठाच्या नळीत जाऊन बसतं. आमच्याकडचा पोरगा रोज पाणी बदलायचा, अगदी इमानानं. बादली मात्र घासत नव्हता. जुन्या थरावर नवं पाणी.

घरगुती ब्लीच दहा लिटर पाण्याला अर्धी वाटी घेऊन, घासणीनं बादली घासा, स्वच्छ धुवा, पालथी घालून वाळवा. कटरचं पातंही त्यातच बुडवून काढा. पाण्यात बुडणारी पानं आधी काढून टाका, ती कुजतात आणि थर तयार करतात. पण पानं ओरबाडू नका, देठाची साल निघाली की तिथनं हवा शिरते.

जरबेऱ्यासाठी फुलदाणीच्या पाण्यातही थोडं ब्लीच चालतं, लिटरला एक मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. जरबेऱ्याचं देठ केसाळ आणि पोकळ, खोल पाण्यात कुजतं. तीन-चार इंच पाणी पुरे.

इथं एक गोष्ट ठळक सांगतो. ब्लीच आणि लिंबूसत एकाच बादलीत कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो, छोट्या दुकानात जीव घाबरा होतो. जरबेऱ्याचं पाणी सोडलं तर ब्लीच धुण्यापुरतं, मग भरपूर पाण्यानं खळबळून, मग लिंबूसत. जरबेऱ्याच्या ब्लीचच्या पाण्यातही लिंबूसत नको.

साखर आणि ॲस्पिरिनचे उपाय पुष्कळ सांगितले जातात. नुसती साखर फुलाआधी जंतूंना पोसते. फ्लॉवर फूडच्या पुडीत साखरेबरोबर आम्ल आणि जंतुनाशक असतं, म्हणून ती चालते. पुडी घ्यायची तर पाणी मोजून घ्या. अर्धी पुडी मोठ्या बादलीत टाकली तर साखर पुरते आणि जंतुनाशक पुरत नाही.

कापणं आणि पाणी पाजणं

मान टाकण्याच्या दहातल्या सात तक्रारी मी इथंच मिटवल्यात. निदान माझी वही तसं सांगते.

दांडी कोरडी असताना कापलेल्या तोंडातनं हवा आत ओढली जाते आणि नळीत बुडबुडा अडकतो. म्हणून टोकापासनं एक इंच, शक्यतो पाण्याखाली धरून, तिरका काप द्यायचा. कापड कापायची कात्री नको, ती देठ चेचते. धारदार कटर हवा. मग दांडी लगेच कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित गरम. कोमट पाणी नळीतनं लवकर चढतं आणि अडकलेला बुडबुडा विरायला मदत होते.

आता आमच्याकडचं पाणी. काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइनचं आलं तरी आमच्या गल्लीत बोअर सुटलेलं नाही, आणि बोअरचं पाणी जड. फुलाला किंचित आंबट पाणी सोपं जातं, पीएच साडेतीन ते चारच्या आसपास. किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत दहा लिटरला तीन ग्रॅमपासनं सुरू करा आणि पीएचची पट्टी बुडवून बघा. पाणी जेवढं जड, तेवढं लिंबूसत जास्त लागतं, म्हणून दुसऱ्याचं माप घेऊ नका. पट्ट्यांचं पाकीट एका मेलेल्या गड्डीच्या किमतीपेक्षा स्वस्त पडतं.

गड्डी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, माना सरळ ठेवून, किमान दोन आणि जमलं तर चार तास पाण्यात. सावलीत, पंख्याच्या झोतात नाही. कागद का? वाकलेल्या मानेत पाणी चढलं तर ती वाकलेलीच ताठ होते. हा उपाय पुण्यातल्या माणसालाही फोनवर सांगता येतो: "ताई, फेकू नका. एक इंच कापा, पेपरात गुंडाळा, मानेपर्यंत कोमट पाण्यात दोन तास उभी करा, मग मला फोन करा." बरीच फुलं उठतात. नाही उठली तर पैसे परत. वाद घालत बसू नये.

ओलाव्याची गोष्ट

आमचं मूळ दुकान हारांचं, महाद्वार रोडच्या बाजूला. अंबाबाईच्या दर्शनाला निघालेला माणूस हार घेतो, पाच मिनिटांत तो देवळात पोचतो. हार टवटवीत दिसायला हवा, म्हणून वडील दर पंधरा मिनिटांनी ओंजळीनं पाणी मारायचे, वर ओलं फडकं टाकायचे. झेंडू, शेवंती, निशिगंध, सगळ्यावर पाणी. मी तेच बघत मोठा झालो. त्यामुळं डच गुलाबाचं खोकं भरल्यावर, झाकण लावायच्या आधी, माझा हात आपोआप बादलीत जायचा आणि वरून शिंतोडे मारायचा. अगदी मायेनं. दरवर्षी जूनमध्ये डागांच्या तक्रारी सुरू व्हायच्या आणि मी पॉलिहाऊसवाल्यांशी भांडायचो.

हाराचं आयुष्य एका दुपारचं असतं, बुरशीला तेवढ्यात काही करता येत नाही. खोक्यात बारा तास अंधार, उष्मा आणि पाकळीवर पाण्याचा थेंब मिळाला की तिचं काम होतं. तेव्हा पाणी देठाला द्या. कळी आणि पानं कोरडी ठेवा. बादलीतनं काढल्यावर गड्डी हलकी झटकून, कागदावर आडवी ठेवून वीस मिनिटं वाळू द्या. पांढऱ्या टिश्यूचा कोपरा दोन पाकळ्यांच्या मध्ये घालून बाहेर काढा, ओला निघाला तर थांबा.

दुसरा चोरवाटेनं येणारा ओलावा थंडीचा. फ्रिजमधनं किंवा कोल्ड रूममधनं काढलेली गड्डी पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडी ठेवली की थंड बाटलीसारखा तिला घाम सुटतो. अशी गड्डी एकतर थंड खोलीतच खोक्यात भरा, नाहीतर कागदात बंद ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्या आणि मगच उघडा.

गड्डीवर चढवतात त्या प्लॅस्टिकच्या स्लीव्हचं तोंड वरून बांधू नका. वरून उघडी, खालून निमुळती, एवढंच तिचं काम.

उष्णता: तीनशे रुपयांचं यंत्र

वायर असलेला, टोकाला सळई असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या. सळई गड्डीच्या पोटात खुपसा, खोकं बंद करा, दोन तासांनी बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानात २६ होतं आणि खोक्यात ३३. बाहेरनं ऊन नाही, काही नाही. फुलं तोडली तरी श्वास घेत असतात आणि त्यातनं उष्णता निघते. दहा अंशांनी तापमान चढलं की त्यांचा श्वासाचा वेग दुपटी-तिपटीनं वाढतो, त्यातनं आणखी उष्णता. माझा थर्माकोल हीच उष्णता आत कोंडून ठेवत होता. भोकं बुजवून मी त्यावर झाकण घातलं होतं.

म्हणून आधी फुलं गार करा, मग खोकं बंद करा. कोल्ड रूम नसेल तर एसी लावलेल्या खोलीत झाकण उघडं ठेवून तीन-चार तास. तेही नसेल तर माल पहाटे घ्या, दुपारी चारला नव्हे, आणि पत्र्याच्या शेडखाली पॅकिंग करू नका. गुलाब, कार्नेशनला कोल्ड रूममध्ये २ ते ४ अंश चालतं. ऑर्किडला दहाच्या खाली नेऊ नका, अँथुरियमला तर १३च्या वरच ठेवा.

घरचा फ्रिज नको. मागच्या भिंतीला चिकटलेलं फूल गोठतं, आणि खालच्या कप्प्यात सफरचंद असतंच.

मालाला आधी गार करता येत नसेल तर खोक्याच्या दोन्ही टोकांना भोकं ठेवा आणि ती टेपखाली जाणार नाहीत हे बघा. जेल पॅक वापरायचा तर दोन-तीन पदर कागदात गुंडाळून, देठांच्या बाजूला, बांधून. सुटा पॅक रस्त्यात घरंगळतो आणि थेट कळ्यांवर जाऊन बसतो.

आता खोकं

यावर फार वेळ घालवणार नाही. कळ्या दोन्ही टोकांना, देठ मधे एकमेकांवरनं गेलेले. कळी आणि पुठ्ठ्याची भिंत यांत तीन-चार इंच मोकळी जागा. देठांवरनं आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना पक्की, म्हणजे खोकं उभं आपटलं तरी माल सरकत नाही. बंद करून जोरात हलवा, आतनं आवाज आला तर उघडून कागदाचे बोळे भरा. पावसाळ्यात पाच प्लायच घ्या, आणि रिकामी खोकी जमिनीवर रचू नका. पुठ्ठा दमटपणा ओढतो आणि त्याची ताकद पार निम्म्यावर येते. दिसायला कोरडं वाटणारं खोकं वर दुसरं पार्सल पडलं की बसतं.

देठांच्या टोकांना ओला कापूस आणि छोटी पिशवी, रबरानं घट्ट. पिशवी उलटी धरून बघा. एक थेंब गळला तरी पुन्हा बांधा, तोच थेंब रात्रभर फिरून कळीपर्यंत पोचतो.

हातात द्यायच्या बुकेचं थोडक्यात. फुलं टोचायचा फोम पाण्यावर तरंगत ठेवा आणि त्याचा त्याला बुडू द्या. दाबून बुडवला तर मधे हवा राहते आणि नेमका तुमचा मधला गुलाब त्या कोरड्या जागेत जातो. एकदा टोचलेली दांडी बाहेर ओढून परत त्याच भोकात घालू नका. आणि सेलोफेन चारी बाजूंनी बंद केलेला बुके रंकाळ्यावर गाडी उभी करून आत ठेवला, की अर्ध्या तासात शिजतो. गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगा, कार्डावर लिहिलेलं कुणी वाचत नाही.

रस्ता

दोन्ही साक्षीदार सकाळी ताठ असतील तरच इथवर या.

पुण्याचं अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. सातारा-कागल रुंदीकरणाच्या कामात गाडी रखडली तरी रात्रीचा प्रवास फुलाला तेवढा जड जात नाही. जड जातं ते आधीचं आणि नंतरचं थांबणं. खोकं संध्याकाळी सहाला पार्सल ऑफिसात दिलं, गाडी दहाला निघाली, पहाटे पुण्यात उतरलं आणि अकरापर्यंत उन्हात फूटपाथवर. खोक्यावर "फुलं, सावलीत ठेवा" असं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, घेणाऱ्याचा नंबर त्याच्याच खाली, आणि घेणाऱ्याला उतरण्याची वेळ आधी कळवा.

डिकीत जागा कुठली, तेही विचारा. मागं इंजिन असलेल्या गाडीत मागच्या कप्प्याला धग लागते. वरच्या एसीचा डिकीला काही उपयोग नसतो. हमाल मामांना आधी चहा पाजून पुढचा कप्पा मागितलेला बरा.

एप्रिल-मेमध्ये आंबा. कोकणातनं घाट चढून आलेल्या हापूसच्या पेट्या कोल्हापुरातनं पुढं जातात, आणि पिकणारा आंबा इथिलीन सोडतो. बंद डिकीत पेट्यांच्या शेजारी कार्नेशन रात्रभर ठेवलं की सकाळी झोपलेलं. केळ्यांचंही तसंच. एका मे महिन्यात मी लागोपाठ चार खोकी अशी घालवली आणि दर वेळी वेगळ्या लॉटला दोष दिला. त्यानंतर मे महिन्यात मी कार्नेशन बसनं पाठवत नाही, गुलाब पाठवतो. कोमेजलेली, कुजकी फुलंही इथिलीन सोडतात, तेव्हा दुकानातला कचरा रोजच्या रोज बाहेर.

एवढं करूनही कळेना, तर खोक्यात किमान-कमाल नोंदणारा थर्मामीटर ठेवा आणि पुण्यातल्या ओळखीच्या माणसाला आकडा वाचायला सांगा. कमाल ३५च्या वर गेला असेल तर मार्ग किंवा वेळ बदला. खोकं बदलून काही होणार नाही.

इथं थांबा, जाणत्याला बोलवा

डाग कोरड्या मालावर, कोरड्या हवेत, दोन वेगळ्या लॉटवरही येत असतील तर बुरशी शेतातनं येतेय. बुरशीनाशक आणून स्वतः फवारू नका. ती फुलं कुणीतरी नाकाला लावणार आहे, लहान मूल तोंडाला लावणार आहे. डाग पडलेल्या चार-पाच दांड्या कागदात गुंडाळून कोल्हापुरातल्या कृषी महाविद्यालयात किंवा कणेरी, तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, आणि माल देणाऱ्या शेतकऱ्यालाही बरोबर घ्या.

कार्नेशन झोपू नये म्हणून चांदीचं द्रावण वापरतात. ते उत्पादकाच्या पातळीवर, मापात आणि हातमोजे घालून करायचं काम आहे, आणि उरलेलं द्रावण गटारात ओतायचं नसतं. दुकानात हा प्रयोग नको. द्रावण दिलेला माल मागून घ्या.

शेवंती, अल्स्ट्रोमेरिया हाताळणाऱ्याच्या बोटांना सारखी खाज येत असेल, चिरा पडत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवा. हातमोजे लगेच सुरू करा. आमच्या मावशींनी दोन वर्षं खोबरेल लावून काढली, तोवर दुखणं मनगटापर्यंत गेलं होतं.

हजार-दोन हजार दांड्यांची लग्नाची ऑर्डर बसनं पाठवायचा मोह आवरा. शीतवाहन ठरवा, भाडं ऑर्डरमध्ये धरा, गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर नाही म्हणा. परदेशी पाठवायचं असेल तर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, ते काम निर्यात करणाऱ्याकडं सोपवा.

आणि कोल्ड रूम. आकडा खाली येत नाही, कॉइलवर बर्फाचा गठ्ठा बसतोय, किंवा एमसीबी पडतोय, तर पॅनेल खोलू नका, गॅस भरू नका, मेकॅनिक बोलवा. फक्त त्याला फोन करायच्या आधी एक करून बघा. आमची खोली दोन महिने आठ अंशांच्या खाली जात नव्हती आणि मी कॉम्प्रेसर बदलायच्या तयारीला लागलो होतो. मेकॅनिक आला, खिशातनं दहाची नोट काढली, दाराच्या रबरावर ठेवून दार लावलं आणि नोट ओढली. ती अलगद निघून आली. वरच्या कोपऱ्यात, खालच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, तिन्ही ठिकाणी तसंच. रबर बदललं आणि दुसऱ्या दिवशी काटा तीनवर आला. कॉम्प्रेसर अजून तोच आहे.